साच्याचे दोन आकार

बाबा, पेणचा आपला कारखाना रिकामा करून जागा परत दिली, तेव्हा तुमच्या गणपतीचा रबरी साचा आईने गोणीत भरून घरी आणला होता, हे मला यंदा कळलं. रबराला आकारात धरणाऱ्या वरच्या प्लास्टरच्या कवचाचे तुकडे झाले होते, तेही तिने फडक्यात बांधून ठेवले होते. तिला हल्ली धूसर दिसतं. गोणी माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "सगळ्यांचे गणपती आणून झाले गो. दिसतंय तवर एकदा त्यांचा बघायचा हाय." तुम्ही गेल्यापासून आपल्याकडे दुसऱ्या कारखान्यातली मूर्ती येते. आई तिची पूजा मनापासून करते, पण मूर्तीबद्दल चकार शब्द काढत नाही.

गोणी उघडली आणि मला कारखान्यातली ती दुपार आठवली. शाळेतून आलेली मी घाईघाईने साचा ओढते आणि सोंडेपाशी रबर फाटतो. सगळ्यांदेखत तुम्ही ओरडता, "वढायचा नाय, सोलायचा. पायमोजा काढतेस तसा." मी कोपऱ्यात मुसमुसत बसते. संध्याकाळी तुम्हीच ती फाटलेली जागा जोडता आणि दुसरी मूर्ती सोलायला माझ्याच हातात देता. रबर कवचाबाहेर ठेवला की बसतो, आकार सोडून ढासळतो, हे तर तुम्ही येता-जाता बजावायचात. तो खरंच बसला होता, बाबा. सोंड मुडपली होती आणि डावा गाल खाली ओघळला होता. कवचाचा नेमका तोंडाजवळचा तुकडा गहाळ होता.

मी रोह्याला कंपनीत कॉम्प्युटरवर यंत्रांचे भाग जोडून बघते. हे काम तुम्हाला कधी नीट समजावलंच नाही. एकच स्प्रिंग मोकळी असताना लांब असते, यंत्रात बसली की दबते. पण कॉम्प्युटर प्रत्येक भाग दगडासारखा धरून चालतो. हा भाग लवचीक आहे, असं त्याला मुद्दाम सांगावं लागतं. मग तो एकाच भागाचे दोन आकार सांभाळतो, मोकळा वेगळा आणि जागेवर बसलेला वेगळा. साहेबांना विचारून मी साचा आणि तुकडे स्कॅन केले. कवचाचे तुकडे जुळवले, रबर लवचीक ठरवला आणि त्यात बसवायला लागले. गाल नीट बसला नाही तर आईला तुमचा म्हणून भलताच गणपती दाखवायचा, याची धास्ती होती.

पण सुरुवातीलाच पडद्यावर तो ओघळलेला चेहरा आला आणि माझा हात थांबला. अर्धांगाचा झटका आल्यानंतर तुमचा डावा गाल असाच उतरला होता. मी पेज भरवायचे, ती त्याच बाजूने ओघळायची, आणि तुम्ही शरमून तोंड फिरवायचात. मला फार रडू आलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने पाणी आणून दिलं. मग मी गाल थोडा थोडा वर घेत गेले, शेजारचा रबर कुठे ताणला जात नाही ना ते बघत. तुमच्या बाबतीत हे कुणालाच जमलं नव्हतं.

त्या सावरलेल्या आकारावरून नवं कवच करून घेतलं, जुना रबर त्यात बसवला आणि पेणला एका ओळखीच्या कारखान्यात जाऊन प्लास्टर ओतलं. मूर्ती मी सोललीच, ओढली नाही. डोळे आखायच्या आधीच, पांढरीफटक असताना, आईने तिच्या गालांवरून बोटं फिरवली. "व्हय," ती म्हणाली, "त्यांचाच हाय." आणि बराच वेळ हात तिथेच ठेवला.

काम झालं होतं. फाइलमधला तो ओघळलेला आकार मी काढून टाकायला हवा होता. पण अजून ठेवलाय. जेवणाच्या सुट्टीत कधीतरी उघडते. आईला तिचा गणपती मिळाला. मला मात्र तो उतरलेला गालच बघावासा वाटतो, कारण ते शेवटचे महिने तुम्ही माझ्या हातून जेवत होता. हे मी तिला सांगितलेलं नाही.