भावोजींचा पासष्टावा वाढदिवस

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र मिळून आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण लिहायला बसले की दोन ओळींतच कागद बाजूला सारते. आज मात्र लिहूनच उठणार आहे.

रविवारी ह्यांचा पासष्टावा वाढदिवस झाला. बंधुमंडळाचे सभासद होऊन ह्यांना पस्तीस वर्षं झाली, म्हणून मीच चिटणीसांना गाठून बेत केला, की मंडळाच्या सभागृहातच ह्यांना चकित करायचं. तीन आठवडे ह्यांची पाठ वळली की मी फोनला चिकटायचे. बायकांना एरवी तिथली पायरीसुद्धा चढता येत नाही. त्या दिवसापुरती मला परवानगी मिळाली, आणि मी वेडी तेवढ्यावरच खूश! नळ गळतोय, जरा बघून जा, अशी थाप मारून चिटणीसांनी ह्यांना बोलावलं. पडद्यामागे अठ्ठावीस म्हातारे दाटीवाटीने उभे. गळ्यातल्या समारंभाच्या पट्ट्यांना डांबरगोळ्यांचा वास, कुणी ढेकर देतोय, एकजण केकची कड बोटाने खरवडून बोट चोखतोय. मला तेव्हाच शिसारी आली, पण म्हटलं, जाऊ दे, ह्यांचे जिवाभावाचे सोबती आहेत.

हे आत आले, पडदा सरला, सगळे एकदम ओरडले. ह्यांचे डोळे भरून आले. तेवढा क्षण खरंच छान होता रे. मग चिटणीस भाषणाला उठले. तुला ठाऊकच आहे, नवा सभासद घ्यायचा तर तिथे प्रत्येकजण पेटीत गुपचूप गोटी टाकतो. पांढरी म्हणजे होकार, आणि एक जरी काळी निघाली तरी अर्ज बाद. चिटणीस म्हणाले, "ह्याच्यासारखा तत्त्वाचा माणूस नाही! सख्ख्या मेव्हण्याचा अर्ज स्वतः आणला, सही स्वतः केली, आणि काळी गोटीही ह्यानेच टाकली. जिना उतरताना माझ्या कानात म्हणाला, घड्याळं दुरुस्त करणारा शेजारी बसला तर बरं दिसत नाही." अख्खं सभागृह खिदळलं. आणि तोही हसला, धाकट्या. हनुवटीवरचं क्रीम पुसत हसला. मी दारात बशा घेऊन उभी होते. चाळीस वर्षांच्या संसारात आज पहिल्यांदा मी त्याला एकेरीत लिहितेय. दुसरं काही लिहायला हात वळत नाही.

बावीस वर्षांपूर्वी तू नवा काळा कोट घालून आमच्या घरी वाट बघत बसला होतास. हा आला आणि म्हणाला, "मी खूप भांडलो, पण कुणीतरी दगा दिला." तू त्याचे हात धरून आभार मानलेस. पुढे मंडळाने नाकारलं म्हणून गिऱ्हाईकं कुजबुजायला लागली, तू दुकान उचलून दुसऱ्या गावी गेलास, तरी दरवर्षी येऊन मंडळाचं मोठं घड्याळ फुकट दुरुस्त करून देत राहिलास. आणि मी? मी तुला म्हणाले होते, "तुझ्यातच काही कमी असेल, मनाला लावून घेऊ नकोस." त्याच्यापेक्षा मला माझ्या ह्या वाक्याची जास्त किळस येते.

परतताना मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "अगं, किती जुनी गोष्ट! आणि तो तिथे शोभला नसताच." घरी पोचल्यावर भेटींचे कागद सोडवत शीळ घालत बसला.

तू पत्रासोबत मुलाचा अर्ज पाठवलास. त्याला इथेच नोकरी लागलीय, भावोजींची सही मिळाली की तो मंडळात आलाच, असं लिहिलंस. काल सकाळी ह्या माणसाने तो अर्ज वाचला, चष्मा पुसला आणि झोकात सही ठोकली. वर मला म्हणाला, "भाच्यासाठी मी जीव तोडून भांडेन, बघच तू." चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. तो अंघोळीला गेला आणि मी त्या अर्जाचे बारीक तुकडे केले. मुलाला सांग, आत्याने फाडला, आणि का फाडला तेही सगळं सांग. मी गुरुवारी तुझ्याकडे येतेय. किती दिवसांसाठी, ते विचारू नकोस.

तुझीच, पण तोंड दाखवायला लाजणारी,
ताई