किसनची बोटं

१४ फेब्रुवारी
अकराची एसटी, कार्ले फाटा, पुढे चालत. किसन आज अर्धा तास चाकाच्या खुर्चीत बसला. पोटाला पट्टा, पायांत घट्ट मोजे, तरी आधी डोळ्यांपुढे अंधारी आलीच. वहिनींनी खुर्ची मागे कलती केली. दोन मिनिटांत चेहऱ्यावर रंग आला आणि म्हणाला, "वसंता, तुज्या तोंडाकडं बगून चक्कर आली."

नोव्हेंबरात पेंढ्याच्या गंजीवरून मानेवर पडला, त्याला आता तीन महिने. मानेतला मज्जारज्जू दुखावला. खांदे हलतात, कोपर वाकतं, मनगट वर उचलता येतं. बोटं नाहीत. छातीखाली काहीच नाही. चौथीत एका बाकावर होतो आम्ही...

दुपारचं काम माझ्याकडे. झोपेत त्याची बोटं मुडपून जातात. खोबरेल लावून, मनगट मागे धरून, एकेक बोट पार ताठ करायचं. एका बोटाला कवितेची एक ओळ. त्या काळी गुरुजी टेबलावर टिचकी मारून ठेका धरत, तो अजून कानात आहे.
"चाल चुकली," किसन म्हणाला. चुकली होती.

१९ फेब्रु.
किसनच्या पुतण्याची सासरवाडी भेटायला आली. ती मंडळी उठेपर्यंत कि. जेवला नाही. मग दार लोटून वहिनींनी भरवलं.
मला म्हणाला, "चार मान्सांदेखत तोंड उगडून बसायचं? न्हाई जमत. मला येक घास पायजे, माज्या हातानं. बाकीचा कुनीबी भरवा."
येताना एसटीत तेच डोक्यात. शाळेत त्याच्या डब्यातली नाचणीची भाकरी मी खायचो, माझी पोळी तो.

२६ फेब्रु.
तळेगावच्या फिजिओ मॅडम आल्या. वयाने माझ्या नातीएवढ्या. किसनला म्हणाल्या, मनगट वर करा. केलं. बोटं तशीच लोंबत राहिली. त्यांनी तळवा उलटसुलट पाहिला.
"बोटं कोण ताणतं?"
"मी. रोज," मी म्हणालो. शाबासकीची वाट पाहत होतो, खोटं कशाला लिहू.
त्यांनी मला ओटीवर बोलावलं. आवाज चढवला नाही. "आजोबा, यांच्या बोटांत ताकद येण्याची आशा फार कमी. पण बोटांच्या शिरा जरा आखूड राहिल्या, की मनगट वर केल्यावर बोटं आपोआप मिटतात. मनगट सोडलं की उघडतात. तेवढ्यावर माणूस घास धरतो. मनगट मागे आणि बोटंही ताठ, असं एकदम ताणलं तर शिरा सैल पडतात. पकड जाते."
"परत येईल?"
"बघू. खात्री नाही देत."
वहिनी उंबऱ्यात उभ्या. त्यांना हे दवाखान्यात सांगितलं होतं, कागदही दिला होता. "भावजी येवड्या मायेनं करत्यात, त्येंना कसं सांगायचं?"

२८ फेब्रु.
गेलो नाही. गुडघा दुखतो असं कळवलं. दुखत नव्हता.

१ मार्च
सांगून टाकलं. सगळं, कागदासकट. तो छताकडे बघत ऐकत राहिला.
"म्हंजी कासरा लय ढिला केलास तू."
"हो."
"सातवीत माज्या पेपरातलं बरोबर गनित खोडून तुजं चुकीचं लिवलं हुतंस, मदत म्हनून. तू पास, मी नापास."
मी हसलो. तो हसला नाही. "आता जा. चार दिस हितं येऊ नगंस."
फाट्यापर्यंत कसा चालत आलो, आठवत नाही.

६ मार्च
वहिनींचा फोन. "या म्हनत्यात. बोटांला हात लावायचा न्हाई, निस्ती कविता म्हना." धावत गेलो म्हणायला हरकत नाही, वय सोडलं तर.
नवा क्रम. ओळीच्या पहिल्या अर्ध्याला मनगट वर, थांब्याला क्षणभर तसंच, उरलेल्या अर्ध्याला खाली. कि. मुद्दाम माझ्या पुढे पळतो. रात्री बोटं मुडपलेलीच ठेवायची, मॅडमनी पट्टी दिली आहे. मी हात मांडीखाली घेऊन बसतो. सवय वाईट.

१५ मार्च
एकाएकी त्याचं डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल, कपाळावर घाम. मी आपला वारा घालतोय. वहिनींनी आधी त्याला ताठ बसवलं, मग लघवीची नळी चाचपली. मांडीखाली दुमडली होती. सरळ केली, थोड्या वेळाने उतरलं. दुखतं कुठे ते अंगाला कळत नाही, म्हणून डोकं ओरडतं. उशीर झाला तर जिवावर बेततं, असं म्हणाल्या. चौथीच्या पुढे शाळा नाही त्यांना.

२९ मार्च
मॅडमनी गाजराचा तुकडा दिला. मनगट वर. अंगठा तर्जनीच्या कडेला टेकला! गाजर लगेच घसरलं, पण टेकला. मॅडम "छान" म्हणाल्या आणि वहीत टिपून घेऊ लागल्या. पकड परत येईल का, ते मी विचारलं नाही.
कि. मला म्हणाला, "सशाला घाल ते. मला भाकर दे."

९ एप्रिल
वहिनींनी भाकरीचा पापुद्रा वाळवून कडक केला, धरायला बरा म्हणून. पहिला तुकडा मांडीवर पडला. दुसरा ओठांपर्यंत गेला आणि सुटला. तिसरा उचलला. आम्ही दोघं टक लावून त्याच्या हाताकडे बघतोय. त्याने हात खाली घेतला.
"नाटक हाय का हितं? दोगंबी भायेर व्हा."
वहिनींनी ताट त्याच्या मांडीवर नीट सरकवलं. आम्ही ओटीवर आलो. त्यांनी दार लोटलं.
शेतांपलीकडे हायवेवर गाड्या चालल्या होत्या. वहिनी पदर चावत उभ्या. एकदा ताट किंचित वाजलं. त्या दाराकडे वळल्या, मी मानेनेच नको म्हटलं.
बराच वेळ झाला. भरवायला या, अशी हाक त्याने मारली नाही.