टार्गेट सुपरहीट बराबर अकरा

२१ एप्रिल, सोमवार. सकाळी ९.
ट्रेनिंग झालं. दोन दिवसांचं, पण सर्टिफिकेटसकट. आजपासून अंदाजपंचे काम बंद, फक्त थिअरी. एसीच्या आतल्या कॉइलमध्ये गॅस उकळून संपला की त्याच्यापुढे जेवढ्या डिग्री तापतो, तो सुपरहीट. किती तापायला हवा, ते टार्गेट. चार्टला दोन आकडे लागतात: बाहेरचं तापमान, आणि आतल्या हवेत ओला कापूस गुंडाळलेला थर्मामीटर दाखवेल ते. आमचे उस्ताद रायभानकाका पाइपाला हात लावून निदान करतात. कीव येते.

दुपारी ३.
नवीन जालना, बियाणं कंपनी. बियाण्याची खोली वीसवर हवी, आहे बावीस. आत कंपनीच्या संशोधक शीतल मॅडमनी तीन वर्षं निवडलेलं कपाशीचं बी. दुसरीकडे कुठंच नाही. ओला कापूस आत न्यायला मॅडमची साफ मनाई. बियाण्याजवळ पाण्याचा थेंब चालत नाही म्हणे. हरकत नाही. बाहेर ऑफिसात कुलरसमोर मोजलं. शेवटी हवा ती हवाच. टार्गेट अकरा. मशीनवर तीन. म्हणजे गॅस जास्त झालाय. थोडा काढला.

२२, मंगळवार.
सुपरहीट सात. प्रगती आहे. खोली चोवीस. मॅडमना म्हणालो, सिस्टिम सेट होऊन राह्यली, धीर धरा. आणखी गॅस काढला.

२३, बुधवार. सकाळी ११.
बराबर अकरा! फोटो काढला. खोली अठ्ठावीस. मॅडम म्हणाल्या, भारतभाऊ, तुमचा आकडा जुळला, पण माझं बी शिजून राह्यलं त्याचं काय? व्होल्टेजचा प्रॉब्लेम असणार.

संध्याकाळी ५.
एकतीस. चार्ट पुन्हा वाचला. तळाशी बारीक अक्षरात: आतली हवा म्हणजे कॉइलमध्ये शिरणारी हवा. हे बहुतेक जेवणानंतरच्या तासाला सांगितलं असावं. म्हणजे कुलरच्या दमट हवेनं टार्गेट फुगलं आणि मी कामाचा गॅस काढला. तीन वर्षांचं बी.
मॅडमनी रायभानकाकांचा नंबर मागितला. शेअर केला. माझ्या फोनमधलं नावही सोबत गेलं: ‘रायभान थिअरी झिरो’. मॅडमनी मोठ्यानं वाचलं.

२४, गुरुवार.
काकांनी गॅस भरला. दुपारपर्यंत खोली वीस. मंग विचारलं, भारत्या, कापूस कुठं धरला व्हता? कुलरसमोर, म्हणालो. म्हणाले, मंग गॅस बी कुलरमधलाच काढायचा व्हता की.

३ मे, शनिवार.
उगवण चाचणी आली. शंभरात अठ्ठ्याऐंशी. बी चिवट निघालं. मॅडमनी वर्षाचा करार काकांच्या नावानं केला. साक्षीदार म्हणून माझी सही घेतली.