कुंदाला सदलग्याला आणणार न्हाई, त्याबद्दल

कंग्राळी,
पाडव्याच्या आधीचा बुधवार

सौ. कल्याणी विहीणबाई यांना जयाबाईचा नमस्कार. पत्राच्या डोक्यावर टिंबं देऊन जी अक्षरं लिहितात ती आमच्या पोरानं, सौरवनं, सांगितली होती, पण त्यांचा अर्थ त्यालाही सांगता येईना म्हणून गाळली. नमस्कार पोचला म्हणजे झालं. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बरं झालं असेल. डोळ्याला पाणी लावू नका, चुलीपुढं बसू नका, कांदा चिरू नका (चिरायला नीलम आहे). व्याह्यांची साखर कशी आहे? चहात घालत असतीलच. आमच्याकडं सगळी खुशाल. म्हैस आटलीय, ह्यांचं बोलणं तेवढं आटलेलं न्हाई.

पत्र अशासाठी की फोनवर तुम्ही मला बोलू देत न्हाई. दोन शब्द झाले की तुम्ही विचारता, "व्हय व्हय, मग कुंदाला कधी आणताय?" आणि फोन स्पीकरवर असतो, त्यामुळं मागनं शेजारणी पण तेच विचारतात. पत्राच्या मध्ये कुणाला बोलता येत न्हाई. डॉक्टरांनी तुम्हाला महिनाभर वाचायला बंदी केलीय, म्हणजे हे नीलमच वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. माझी लेक आणि तुमची सून असूनही ती घाबरट निघालीय, कशी ते देवाला माहीत. (नीलम, जसं लिहिलंय तसं वाच. मध्ये गूळ घालू नकोस.)

मुद्दा आधीच सांगते. कुंदाला तुमच्या प्रिन्सकडं आणणार न्हाई. ह्या खेपेला न्हाई आणि पुढच्याही न्हाई. संक्रांतीला नीलमला न्यायचं म्हणून ह्यांनी फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, "कुंदाला घेऊन या आणि नीलमला घेऊन जा." हे म्हणतात तुम्ही चेष्टेत बोललात. चेष्टा असती तर पोरगी आली असती. लग्नानंतरची तिची पहिली संक्रांत, वाणाचं सगळं सामान मी आणून ठेवलं होतं, ते अजून कपाटात आहे. म्हणून बसून सविस्तर लिहिते. रागवायचंच असलं तर पुरतं ऐकून रागवा.

दिवाळसणाला तुम्ही आमच्याकडं आलात तिथनं हे सुरू झालं. हे पोमेरियन कुत्रं सौरवनं उद्यमबागेतल्या दोस्ताकडनं आणलेलं, रंग आपल्या बेळगावच्या कुंद्याच्या मिठाईसारखा म्हणून नाव कुंदा. (गल्लीत एक कुंदाकाकू आहेत. त्या अजून आमच्या दारावरनं तोंड फिरवून जातात.) लाडू खाता खाताच तुम्ही ठरवलंत की प्रिन्सशी हिची जोडी लावायची, आणि पिल्लं कुणाकुणाला द्यायची ते पण सांगून टाकलंत, त्यात निपाणीच्या तुमच्या बहिणीचा पहिला नंबर. ह्यांना तर जन्मात कुणाला न्हाई म्हणता आलेलं न्हाई. दुसऱ्या दिवसापासनं हे डेअरीवर दूध घालायला जायचे आणि येताना एक पिल्लू कबूल करून यायचे. नसलेलं पिल्लू द्यायला काय जातंय? मार्गशीर्ष लागेपर्यंत निम्म्या कंग्राळीला पिल्लं पुरवायचं काम एकट्या कुंदाच्या डोक्यावर आलं होतं, आणि तिचं स्वतःचं वर्ष अजून भरायचं होतं.

आता माझं ऐका. मी म्हशींच्या घरात जन्मले आणि म्हशींच्या घरात पडले. म्हैस सकाळी आरडायला लागली की संध्याकाळच्या आत रेडा दाखवायचा, न्हाईतर तीन आठवडे बसा वाट बघत. हे मला कुणी शिकवायला नको. म्हणून फरशीवर रक्ताचे थेंब दिसले त्या दिवशी मी कुणाला विचारलं न्हाई, कुंदाला बुट्टीत घातलं, वर फडकं बांधलं आणि निपाणीला गाडी बदलून दुपारी तुमच्या दारात हजर. कंडक्टरनं विचारलं बुट्टीत काय, म्हटलं कुत्री. चावते काय? म्हटलं अजून कुणाला चावलेली न्हाई. (तेव्हा ते खरं होतं.)

तुमची तयारी मी विसरणार न्हाई. कुंदाला कुंकू लावलंत, प्रिन्सच्या गळ्यात झेंडूची माळ, शेजारणी पाट घेऊन बसलेल्या. प्रिन्स ऐटीत पुढं आला आणि कुंदानं त्याच्या नाकाचाच चावा घेतला. तो जो गव्हाच्या पिंपामागं जाऊन बसला तो बिस्कीट दाखवलं तरी बाहेर येईना. शहाणी माणसं असतो तर आपण तिथंच थांबलो असतो. पण व्याही म्हणाले, "म्हशीला धरतो तशी धरू या की," आणि मलाही ते पटलं. धरली. ती केकाटून सुटली आणि तीन पायांवर पळाली, मागचा एक पाय पोटाशी घेऊन. तेव्हा तुम्ही सगळ्यांच्या देखत म्हणालात, "त्यांच्याकडच्या पोरी सगळ्या अशाच, लाडानं बिघडलेल्या." नीलम तिथंच चहाचा ट्रे घेऊन उभी होती. (नीलम, हे पण वाच. त्यांना आठवत नसेल.)

घरी आल्यावर सौरवनं माझ्याशी अबोला धरला आणि दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींना शहापुरात डॉक्टर प्रियदर्शनींकडं नेलं. जनावरांच्याच डॉक्टर, पण नखं इतकी स्वच्छ की म्हशीच्या अंगाला कधी हात लावला असेल असं वाटेना. मी म्हटलं, बाई, हिचा माज वाया गेला, आता किती थांबायचं तेवढं सांगा. त्या म्हणाल्या, "मावशी, ही म्हैस नाही." म्हटलं, ते दिसतंय मला. मग त्यांनी सांगितलं की कुत्रीला रक्त दिसतं ती नुसती सुरुवात, पुढं आठवडाभर तरी ती नराला जवळ येऊ देत न्हाई, तेव्हा कुंदा चावली ते बरोबरच वागली. शिवाय हा तिचा पहिला माज, अंग अजून भरायचंय, एवढ्यात कुणी शहाणा माणूस जोडी लावत न्हाई. मग तिच्या गुडघ्याची वाटी बोटानं सरकवून दाखवली. टकाटक सरकत होती, बघवेना. ती जन्मापासनंच सैल आहे, आपण धरल्यामुळं झालेलं न्हाई (व्याह्यांना सांगा, म्हणजे त्यांच्या जिवाला बरं वाटेल), पण तो दोष पिल्लांत उतरतो. आणि एवढ्याशा कुत्रीचं कंबरडं अरुंद असतं, पिल्लू अडलं तर पोट फाडून काढायचं, त्यात कोण वाचेल ते सांगता येत न्हाई. मी म्हटलं, आमच्याकडं रेडकू अडलं तर मीच हात घालून ओढते. त्यांनी माझा हात धरला आणि टेबलावर कुंदाच्या शेजारी ठेवला. तिचं अख्खं कंबरडं माझ्या पंजाएवढंच भरलं. मी हात काढून घेतला.

मग विचारलं, पिल्लं झालीच तर घेणार कोण? मी ऐटीत सगळी नावं सांगितली. म्हणाल्या, ह्यांच्याकडं आधी कुत्रं होतं का आणि ते कुठं गेलं, एवढं विचारून या. म्हटलं त्यात काय, आणि विचारत सुटले. डेअरीवरचा आण्णाप्पा म्हणाला, "आमचं लई भुंकत होतं, हायवेला सोडून आलो." किराणावाल्या भरमूनं पोराच्या दहावीला त्रास नको म्हणून गच्चीवर बांधलं, ते उन्हानं गेलं. एका बाईला पिल्लू फोटोपुरतं पाहिजे होतं, तिला म्हटलं फोटोच पाठवते. तुमच्या निपाणीच्या बहिणीला पण फोन केला, राग मानू नका. त्या म्हणाल्या, आधीचं कुत्रं मोठं झालं म्हणून देऊन टाकलं. कुत्र्याचं पिल्लू मोठं होतं हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. हे आपले प्रत्येक दारात माझ्या मागं उभे, "राहू दे गं, माणसं दुखावतात." ह्यांनी वाटलेल्या पिल्लांतलं एकसुद्धा त्या गल्लीतनं जिवंत पार होईना, आणि ती अजून जन्मायची होती.

डॉक्टरीणबाई कुणालाच पिल्लं नकोत असं म्हणत न्हाईत. कुत्री पुरती वाढलेली पाहिजे, दोघांचे गुडघे-डोळे तपासलेले पाहिजेत (प्रिन्सचे पण, फक्त माळ घालून भागत न्हाई), आणि घेणारी माणसं आधी बघून ठेवलेली पाहिजेत. त्यात कुंदा गुडघ्याच्या पायरीलाच अडली. तेव्हा माज संपून दोन-तीन महिने गेले की तिचं पिल्लं बंद व्हायचं ऑपरेशन करून टाकावं असा आमचा विचार आहे. पण तुम्ही वडीलधाऱ्या. तुमचं मत घेतल्याशिवाय पुढं जाणं बरं दिसत न्हाई, तेव्हा सावकाश विचार करून कळवा. आपण दोघी एकदा विहिणी झालोय तेवढं पुरे. एका सोयरिकीपायी एवढं मोठं पत्र लिहावं लागलं, दुसरी झाली तर वही लागेल.

व्याह्यांना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद, प्रिन्सच्या नाकाला हळद लावत जा.

तुमची,
जयाबाई

ता. क. वर तुमचं मत विचारलंय ते रीत म्हणून. ऑपरेशन काल झालं. कुंदा बरी आहे. गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं घालून हिंडते, प्रत्येक दाराला अडकते आणि माझ्याकडं बघते, जसं काय दार मी केलंय.

ता. क. दुसरा. म्हणजे आता कुंदा तुमच्या कामाची राहिली न्हाई आणि माझ्याकडं बदल्यात द्यायला दुसरं काही न्हाई. मग नीलमला अडवून ठेवून तुम्हाला मिळणार काय? पाडव्याला तिला पाठवा. हे रविवारी न्यायला येतील. डोळ्याची अडचण असली तर तुम्ही पण या, काळ्या चष्म्यासकट. औषध मी घालीन, माझा हात हलका न्हाई पण वेळ चुकत न्हाई.

ता. क. तिसरा. नीलम, हे मनातल्या मनात वाच. त्या न्हाई म्हणाल्या तरी रविवारी हे येणार. सौरवला बरोबर पाठवतेय, कारण ह्यांना कुणी न्हाई म्हटलं की हे चहा पिऊन परत येतात. बॅग भरून ठेव. आणि मोठ्यानं वाचून मोकळी झाली असलीस तर राहू दे, परत लिहायला मला सवड न्हाई.