पोटाखालचा सांधा

आई,

गेले पंधरा दिवस मी एका नखाएवढ्या चिपपुढे हात जोडून बसलो होतो. त्या दिवसांत तुझी इतकी आठवण आली की शेवटी कागद घेतला. बोलायचं आहे ते ऑफिसातल्या त्या शस्त्रपूजेबद्दल, तुझ्यादेखत मी जे खोटं बोललो त्याबद्दल. पण अकरा वर्षं टाळलेला विषय थेट काढणं मला जमत नाही, म्हणून आधी चिपचं सांगतो. तू फॅक्टरीत जन्मभर सोल्डरिंग केलंस, यातलं अर्धं तुला माझ्याआधी कळेल.

आम्ही दवाखान्यातल्या यंत्रांसाठी एक बोर्ड बनवला. त्यावरची इथरनेटची चिप, म्हणजे यंत्राला तारेने नेटवर्कशी जोडणारी, सकाळी गुणी बाळासारखी चालायची आणि बोर्ड तापला की संपर्क तोडायची. तार बदलली, वीजपुरवठा तपासला, प्रोग्राम तीनदा नव्याने लिहिला. ढिम्म. मग लक्षात आलं की चिपवर बोट दाबून धरलं की ती नीट चालते. आमचे जुने टेक्निशियन, माझ्याच वयाचे, अतिशय गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "सर, हर बोर्ड के साथ एक उंगली बी पॅक करके भेज दें क्या?" मी हसलो, आणि हसता हसता मला तू दिसलीस. काचीगुड्याचं स्वयंपाकघर. तू खिडकीशी उभी आहेस, माझ्या मोडक्या ट्रान्झिस्टरची पट्टी डोळ्यांजवळ तिरपी धरून. फोडणीच्या वासातही तुझ्या पदराचा सोल्डरच्या राळेचा वास वेगळा कळतो आहे. "थेंबाकडे नको बघू रे, थेंब सगळेच चमकतात. कडेला बघ, पायावर चढलाय का ते." पुढच्या खोलीतून बाबा मला संस्कृतची शब्दरूपं म्हणायला हाका मारताहेत, आणि तू म्हणतेस, "थांबा हो, तुमचा राम कुठे जात नाही. इथे सांधा गार होतोय."

मी बोर्ड तसाच तिरपा धरला. कडेला, पायांवर, सोल्डर धड चढलंच नव्हतं. मग चिप उचलून पाहिली, तर तिच्या पोटाखालचा चौकोन, ज्यातून तिला अर्थिंग मिळायचं, जवळजवळ कोरडा. नैयायिक पंडित अभावालाही, म्हणजे नसण्यालाही, पदार्थ मानतात हे बाबांनी शिकवलं होतं. तो चिमट्याने उचलून दाखवता येतो हे मात्र मला परवा कळलं. पोटाखाली नीट सोल्डर भरलं, चिप परत बसवली, बोर्ड दिवसभर तापू दिला. संपर्क तुटला नाही.

आता ते दुसरं. अकरा वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुला मीच ऑफिसात घेऊन आलो होतो. यंत्रांना हळदकुंकू लावून झालं, आणि बोर्डांवर फुलं ठेवता ठेवता तू एक उचललास, तिरपा धरलास. "ह्या सांध्याने धरलं नाहीये बघ," म्हणालीस. आमचे मोठे साहेब शेजारीच उभे होते. त्यांनी कौतुकाने विचारलं, "अम्मा, आप बी ये काम करते थे?" तू तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "नहीं सर, फॅक्टरी के ॲडमिनिस्ट्रेशन में थीं." तू बोर्ड जागेवर ठेवलास, दोन्ही हातांनी, अलगद. पुढे तासभर तू कशालाही हात लावला नाहीस.

परतताना विद्यानगर आल्यावर ऑटोत तू साडीचा पदर नीट केलास. मग म्हणालीस, "ॲडमिनिस्ट्रेशन! आधी सांगायचंस की, इस्त्रीची साडी नेसून आले असते." मी हसलो. तू हसली नव्हतीस. हे मी तेव्हाच पाहिलं होतं; पाहिलं नाही असं पुढे स्वतःला सांगत आलो. संक्रांतीच्या आत तू गेलीस. तुझे हात छातीवर जुळवून ठेवले तेव्हा बोटांच्या टोकांवरचे भाजल्याचे तपकिरी डाग मी पहिल्यांदा मोजल्यासारखे पाहिले. त्या बोटांवरच तर मी इंजिनिअर झालो होतो.

काल चिप बरी झाल्यावर आमच्या टेक्निशियननी तो बोर्ड हातात घेतला आणि माझ्यासारखाच तिरपा धरून कडा पाहिल्या. बराच वेळ पाहत राहिले. "सर, ये देखना किसने सिखाया आपको?" खोलीत आम्ही दोघंच होतो. साहेब नव्हते, पाहुणे नव्हते. आणि ह्या माणसाचं आयुष्यही तुझ्यासारखंच हातात सोल्डरिंग आयर्न धरून गेलं आहे. त्याला तर ऐकून बरंच वाटलं असतं. मी म्हणालो, "किसी ने नहीं. ऐसेच आ गया."

आई, ज्याच्यापुढे लाज वाटावी असं तिथे कोणीसुद्धा नव्हतं. हे वाक्य तुला वाचावं लागणार नाही, म्हणूनच मला लिहिता आलं.