घंटा खरी निघाली

नोव्हाय, मिशिगन

प्रिय कुमुद,

फोनवर बोललो तर प्रसन्न ऐकेल, म्हणून पत्र. मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे?

मंगळवारी प्रसन्नने मला विद्यापीठातला प्रसिद्ध घड्याळाचा मनोरा दाखवला. टोल ऐकून वाटलं, रेकॉर्डिंग लावलं असणार. हट्टाने वर चढलो. मोठी घंटा खरीच निघाली! ती हलत नाही, तिच्यावर हातोडा आपटतो. टोल पडला तसा हाताखालचा कठडाही थरथरला.

पण भर कामाच्या दिवशी हा मोकळा कसा? "ऑफ घेतलाय, बाबा," म्हणाला. गेल्या खेपेला सुट्टीतही त्याचा फोन थांबत नव्हता. या वेळी दिवसभरात एकदाही वाजला नाही. नोकरी आहे ना, हे विचारायला जीभ रेटेना. उद्या म्युझियमला नेतोय.

तू त्याला काही विचारू नकोस. घंटेबद्दलची माझी शंका खोटी ठरली, तशी हीही ठरू दे.

तुझा शंकेखोर,
मोहन