आबा, डॉक्टरच होता

आबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं. त्यामुळे तुम्ही असतात तरी हे पत्र मलाच तुमच्यासमोर बसून वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ते मला जमलं नसतं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. एका जुन्या पुस्तकातला खून कुणी केला, एवढीच ती गोष्ट आहे. तुम्ही बरोबर होतात आणि चारचौघांत चूक ठरलात, ते माझ्यामुळे. आईला अजूनही तुम्ही चुकलात असंच वाटतं.

मी क्रमानं लिहितो, क्रम सुटला की मला काही सुचत नाही. दुष्काळात तुम्ही मेंढरं विकलीत, खुलताबादच्या पलीकडचा माळ सोडलात आणि गंगापूर रस्त्याला एका प्लॉटिंगवर वॉचमन म्हणून राहिलात. नुसते पांढरे दगड रोवलेली जमीन आणि कडेला आपल्यासारखीच दहा-बारा पत्र्याची घरं. टँकर चौथ्या दिवशी यायचा, पण किती वाजता ते कुणालाच ठाऊक नसायचं. सकाळपासून ड्रम रांगेत लावून माणसं सावली धरून बसायची. मी रद्दीतून आणलेली पुस्तकं वाचत बसायचो, बहुतेक जुन्या इंग्रजी रहस्यकथांची भाषांतरं, कव्हर फाटलेली. एकदा तुम्ही म्हणालात, तोंडातल्या तोंडात काय वाचतो, आमालाबी कळू दे. तेव्हापासून मी मोठ्यानं वाचायला लागलो. नियम तुम्हीच घातलात. शेवटचं प्रकरण आलं की पुस्तक मिटायचं, ज्यानं त्यानं आपापला खुनी सांगायचा, आणि उरलेलं पुढच्या टँकरला. ज्याचं चुकेल त्यानं सगळ्यांत आधी बरोबर सांगणाऱ्याच्या ड्रममध्ये एक हंडा ओतायचा. त्या उन्हाळ्यात एक हंडा पाणी म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्यावर ओतायची वेळ क्वचितच आली. आमच्या हातात पुस्तक आणि तुमच्या डोक्यात उत्तर, याचं लोकांना नवल वाटायचं. मलाही वाटायचं. ते नवल कधी संपलं आणि त्याच्या जागी दुसरं काही कधी आलं, ते मात्र मला नेमकं सांगता येत नाही.

त्या पुस्तकात डोंगरावरच्या बंगल्यात एक म्हातारा मरतो, आणि त्याच्या बंद कपाटातली काही पत्रं नाहीशी होतात. पुतण्या भांडखोर आहे, त्याचं नि म्हाताऱ्याचं सकाळीच वाजलेलं आहे. घरचा डॉक्टर मात्र सगळ्यांना धीर देत फिरतो. मी शेवटच्या प्रकरणाशी थांबतो. शेजारचे मिस्त्रीचाचा लगेच म्हणतात, पुतण्या, त्यात काय इचारायचं. सगळे पुतण्याच म्हणतात. तुम्ही तंबाखू मळत बसला आहात. मग म्हणता, "डॉक्टर." लोक हसतात. तुम्ही माझ्याकडे बघून विचारता, कपाट उघडायच्या आधीच डॉक्टर काय म्हणला, ते परत वाच. मी पान शोधून वाचतो. डॉक्टर म्हणाला होता, तीन पत्रं गेली. "मेंढरू चोरणारा मोजायच्या आधीच सांगतो किती कमी हायेत ते," तुम्ही म्हणता. "दुसऱ्याला मोजल्याबिगर कसं कळंल?" चाचा म्हणतात, आबा, ही इंग्रजांची गोष्ट हाय, तुमच्या मेंढरांचा वाडगा नाय.

दोन दिवसांनी तुम्ही शाळेत आलात. दहावीचा फॉर्म भरायचे दिवस होते. मी वर्गाच्या दारात उभा होतो आणि तुम्ही सरांना सांगत होतात, "त्याला वाचता येतंय, लिहिता येतंय, लई झालं. आता ठेकेदाराकडं घालतो." सर काही बोलायला गेले तर तुम्ही हात जोडलेत आणि विषय संपला. मला एका शब्दानं विचारलं नाहीत. परतताना रस्ताभर मी तुमच्या मागं चालत होतो. मनात येत होतं, की टँकरच्या रांगेत तुमची करमणूक होईल एवढंच शिक्षण मला मिळालं, आणि तेवढं पुरे असं तुम्ही ठरवून टाकलंत.

चौथ्या दिवशी टँकर आला, पाणी भरून झालं, लोक बसले. मी पुस्तक डोळ्यांसमोर धरलं, ओळींवरून नजर फिरवत राहिलो आणि बोललो दुसरंच. छापलेलं होतं डॉक्टरचं बिंग फुटल्याचं. मी पुतण्याला पकडून दिलं, त्याच्या तोंडी कबुलीजबाब घातला, त्याला रडवलंसुद्धा. इतकं बरं मी आयुष्यात दुसरं काही रचलेलं नाही. चाचा मांडीवर थाप मारून म्हणाले, "क्यूँ आबा, आज मेंढरू हुकलं का?" तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंच नाही. मला विचारलंत, "मंग डॉक्टरला तीन पत्रं कशी ठावं?"

मी म्हणालो, त्याचं काही लिहिलेलं नाही.

"मंग लिहिणारा चुकला," तुम्ही म्हणालात. सगळे इतके हसले की टँकरवालासुद्धा वळून बघायला लागला. तुम्ही उठलात, आपल्या ड्रममधून हंडा भरलात आणि चाचांच्या ड्रममध्ये ओतलात, एक थेंब बाहेर न सांडता. त्यानंतर तुम्ही रांगेत ऐकायला बसला नाहीत. ड्रम लावायचा आणि दगडांच्या कडेनं फेरी मारायला निघून जायचं. दोन वर्षांनी त्याच प्लॉटवर दुपारी चक्कर येऊन पडलात. आता तिथं सहा मजली इमारती आहेत. पाणी अजून टँकरनंच येतं.

मी आता क्रांती चौकामागं एका टायपिंगच्या दुकानात आहे. लग्नपत्रिका, प्रतिज्ञापत्रं, सोसायट्यांच्या नोटिसा. माझ्या शुद्धलेखनावर मालकाचा विश्वास आहे, दहावी नसल्याचं त्याला मी सांगितलेलं नाही. गेल्या महिन्यात शेजारच्या टेबलावरच्या भाईनं मोबाइलवर एक मालिका दाखवली. तेच पुस्तक होतं आबा, आजच्या काळात आणलेलं. बंगला काचेचा, आणि गुप्तहेर एक तरणा पोरगा. तो कुणाचं बोलणं पुरतं ऐकत नाही, फोन कुठं होता ते कॉम्प्युटरवर बघतो, कॅमेऱ्यातलं चित्र मोठं करतो आणि विनोद करतो. तुमच्यासारखं गप्प बसून ऐकण्याचं त्याला कामच नाही. आणि शेवटी खुनी निघतो पुतण्या. पुस्तक वाचलेल्यांनाही चकवायचं म्हणून त्यांनी खुनीच बदलला. भाई खूश होता. मी म्हणालो, तीन पत्रांचं वाक्य काढून टाकलंय यांनी. तो म्हणाला, "अरे यार, तू सीरियल देख रा कि प्रूफ देख रा?"

घरी येऊन मी ट्रंकेतून पुस्तक काढलं आणि चारही भाग पुन्हा पाहिले, काय काय बदललं ते वहीत उतरवत. माझ्यापेक्षा त्यांचं काम नीट होतं. पुतण्याच्या डोळ्यांत पहिल्या भागापासून द्वेष घातला होता, डॉक्टरला स्वच्छ करून ठेवलं होतं. मला ती सवड नव्हती, ते वाक्य मी आधीच तुम्हाला वाचून दाखवलं होतं, तेही दोनदा. माझं खोटं अर्धवट होतं, आणि ते तुमच्या एकट्याच्या लक्षात आलं होतं. लोकांनी मात्र पुस्तकावर विश्वास ठेवला.

रविवारी आई भाजी निवडताना माझ्या मोबाइलवर तीच मालिका हिंदीतून बघत बसली. थोड्या वेळानं म्हणाली, हे तर आपलं टँकरवालं पुस्तक. मी मोबाइल काढून घ्यायला हवा होता. तिनं शेवटपर्यंत पाहिली आणि हसली. "बघ, पुतण्याच निघाला. तुझे आबा मरोस्तोवर मला डॉक्टर-डॉक्टर सांगत व्हते. लई हट्टी माणूस." पुस्तक माझ्या शेजारी पडलेलं होतं. पान उघडून दोन ओळी वाचायच्या होत्या, बस्स.

मी म्हणालो, "व्हय."

म्हणून हे लिहायला बसलो. तिला वाचून दाखवायचं, म्हणजे निदान घरात तरी तुमचं खरं होईल, असं ठरवलं होतं. शाळेचं कारण तिला पटलं असतं, ती तर म्हणाली असती, पोराचा राग होता, साहजिक आहे. मीही इतकी वर्षं स्वतःला तेच कारण देत आलो. पण आता सगळं दिवसवार मांडल्यावर ते बसत नाही. शेवटचं प्रकरण मी चौथ्या दिवसापर्यंत ठेवलंच नव्हतं. तुम्ही डॉक्टर म्हणालात त्याच संध्याकाळी दाराशी बसून वाचून काढलं होतं, आणि टँकरला काय बोलायचं ते तिथंच ठरवलं होतं. तुम्ही शाळेत त्यानंतर दोन दिवसांनी आलात.

हे पत्र मी तिला दाखवणार नाही. सगळं पुस्तक माझ्या हातात होतं आबा, आणि मीसुद्धा पुतण्याच धरला होता.